पालथी अक्षरं

"कडक दांडी आणि नऊ अंश. तेच दे," डूगल म्हणाला आणि तिसऱ्यांदा खिडकीशी जाऊन आला. बाहेर पहिल्या टीवर, जिथून खेळ सुरू करायचा तिथे, त्याचा खेळगडी वॉटी अजून उगवला नव्हता. साडेनऊ झाले होते. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या चौघांची पाळी होती.

इयोनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गोल्फ क्लबाच्या दुकानामागे जाळी लावलेल्या खोलीत ती चौदा वर्षं, दांडीचा कडकपणा आणि डोक्याचा कोन बघून, लोकांना ड्रायव्हर, म्हणजे पहिला लांब फटका मारायची काठी, निवडून देत होती. चौदा वर्षांत सत्तरी ओलांडलेला एकही पुरुष नरम दांडी मागायला आला नव्हता.

"अहो, कडक दांडी नि नऊ अंश हातात आहेच की तुमच्या. वीस वर्षं त्यानेच मारताय ना?"

"जुना झालाय तो."

जुनं नक्की काय झालंय, ते फटका मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आलं होतं. डूगलने आत्ताच सहा चेंडू मारले होते आणि त्यातला सगळ्यात लांबचा एकशे अठ्ठावन्न यार्डांवर पडला असता. पहिल्या टीसमोरचा ओढा ओलांडायला एकशे पासष्ट लागतात.

गेल्या तीन शनिवारी त्याचा पहिलाच चेंडू ओढ्यात गेला होता. तिसऱ्या वेळी वॉटी म्हणाला, "अरे, पुढच्या खुंट्यांवरून मार की, त्यात काय!" आणि डूगल भडकून सगळ्यांदेखत बोलून बसला, की चौथ्यांदा गेला तर तिथूनच खेळेन, कायमचा. चेंडू कुठून मारायचा ते दाखवणाऱ्या या पुढच्या खुंट्या ओढ्याच्या काठाला आहेत. तिथून नातवंडं खेळतात, आणि ज्यांनी आशा सोडली ते म्हातारे. या गावात माणूस बायकोचा वाढदिवस विसरेल, पण टीवर कोण काय बोललं ते विसरणार नाही. डूगलला खरोखर भीती वाटत होती.

इयोनाने चार ड्रायव्हर आणून भिंतीला टेकवले. दांडी कडक की नरम ते सांगणारी चारही दांड्यांवरची अक्षरं तिने कागदी पट्टीने झाकली होती.

"हे काय, लपाछपी?"

"मारा तर खरं. जमेल तो सांगा."

पहिला त्याला जड वाटला. दुसऱ्याने चेंडू नेहमीसारखा खाली खालीच गेला. डूगल पुन्हा खिडकीकडे बघून आला. तिसऱ्याने मात्र चेंडू सुरेख वर चढला आणि पडद्यावर आकडा आला, एकशे त्र्याहत्तर. त्याने परत मारला. एकशे पंचाहत्तर. खिडकी, घड्याळ, वॉटी, सगळं तो विसरला.

"बघितलंस? हा खरा कडक! हाताला लगेच कळतं, पोरी. अक्षरं कशाला हवीत?"

आणि एवढं बोलून त्याने कागदाची पट्टी टर्रकन ओढली. दांडीवर ज्येष्ठांसाठीच्या नरम जातीचं अक्षर होतं, चांगलं ठसठशीत, पांढरं. खाली, डोक्याच्या तळाला, कोन लिहिला होता, बारा अंश.

त्याचं तोंड एवढंसं झालं.

"फसवलंस मला."

"मी? चेंडूला विचारा. तुमच्या फटक्याचा वेग राहिलाय ताशी अठ्ठ्याहत्तर मैल. तेवढ्यावर कडक दांडी जरासुद्धा वाकत नाही. नऊ अंशांवर चेंडू उडतो कुठे? नुसता सरपटतो."

"आणि वॉटीने हे अक्षर वाचलं म्हणजे? वर्षभर पुरवून पुरवून खाईल मला. त्यापेक्षा ओढा बरा!"

इयोनाने खालचा खण ओढला. आत तशाच सहा-सात दांड्या होत्या. त्यातली एक तिने ड्रायव्हरच्या डोक्यात बसवली, किल्लीने स्क्रू आवळला आणि ड्रायव्हर जमिनीवर टेकवून त्याच्यासमोर धरला. वरून नुसती काळीभोर दांडी दिसत होती.

"अक्षरं खालच्या अंगाला. पालथं केल्याशिवाय दिसत नाहीत."

डूगल खणाकडे बघत राहिला. "एवढ्या तयार ठेवल्यास? कुणाला लागतात?"

"ते मी सांगत नाही," ती म्हणाली. "तुमचंही सांगणार नाही."

टीवर समुद्राकडून वारा सुटला होता. वॉटीने बेकन रोलचा शेवटचा घास तोंडात कोंबला, चेंडू ओढ्यापार मारला आणि हसत मागे वळला. "डूगल, वाट चुकलास का रे? तुझ्या खुंट्या तिकडे, पुढे!" उरलेले दोघेही मारून मोकळे झाले होते. ते फिदीफिदी हसले.

डूगलने बोटं चोळली, दोनदा पाय बदलले आणि मारला. चेंडू उंच गेला, इतका उंच की वारा त्याला परत आणतोय असंच वाटलं. पलीकडच्या काठावर, पाण्यापासून जेमतेम हातभर पुढे, तो गवतात पडला.

मग वॉटी जवळ आला.

"नवीन दिसतोय. दांडी कसली? कडक?"

डूगलने वॉटीच्या ड्रायव्हरकडे पाहिलं. तीन शनिवार तो ड्रायव्हर त्याच्या नजरेसमोर होता, पण दांडी त्याने आजच पाहिली. वरून ती काळीभोर होती. अक्षर एकही नाही.

"तुझ्याइतकीच," तो म्हणाला.

वॉटीने हातातल्या ड्रायव्हरच्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवली आणि ती ओढत ओढत दांडीवर जमेल तितकी खाली आणली.

"चला रे," तो म्हणाला, "मागची माणसं खोळंबलीत."