कलम पहिलं: रिमोट

संविधान दिनाला प्रेमानंदरावांनी घराचीसुद्धा घटना लिहायला घेतली. पहिलं कलम: टीव्हीवर काय लागेल ते मतदानानं ठरेल. नळदुर्गाच्या कन्नड घरातून आलेली नवी सून शिवप्रिया म्हणाली, “मामा, मराठीवाले तुमी तिघं, कन्नड मी एकटी. रोज मीच हरणार. दोन्ही भाषांना एकेक मत द्या.” “पोरी, मत माणसाला असतंय, भाषेला न्हाय,” प्रेमानंदराव म्हणाले. मुलानं बापाची री ओढली. सुनेनं रिमोट गुमान सासऱ्यापुढं ठेवला. तो उचलून सासूबाई केशरबाई तिच्याजवळ बसल्या. “मग माझं मत हिच्याकडं धरा.” दोनास दोन. तडजोड झाली: दिवसाआड कन्नड. पहिल्याच दिवशी मालिकेतली नायिका रडू लागली. शब्द न कळताही केशरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “लई छळतीत का गं हिला?” “न्हाय आत्या, सासू चांगली भेटली म्हणून रडतीया.” “असं व्हय?” केशरबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला.