साक्षीदाराची आई

“काय ते एकदाचं उरका म्हणावं, चुलीवर डाळ ठेवून आलेय,” शेजारीण मिल्काच्या कानाशी कुरकुरली.

वेशीत कुंभाराला बांधून उभं केलं होतं. अमावस्येला भट्टीपाशी त्यानं देवाला शिव्या दिल्या, अशी दोघांची साक्ष होती. त्यातला एक मिल्काचा मुलगा. कुंभाराच्या विहिरीवर गावप्रमुखाचा डोळा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. अमावस्येला मिल्काचा मुलगा परगावी लग्नाच्या पंगतीत होता, हेही माहीत होतं. निम्मं गाव त्याच पंगतीत जेवलं होतं. तरी कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

यहुद्यांच्या नियमशास्त्राप्रमाणे देवनिंदेला दगडांनी मरण, आणि पहिला दगड साक्षीदारानंच मारायचा. मुलानं दगड उचलला, लहानपणी कबुतराचं पिल्लू धरायचा तसा, दोन्ही हातांत. मिल्काला पुढचा नियमही पाठ होता: आरोपीला व्हायची तीच शिक्षा खोट्या साक्षीदाराला.

ती गर्दी सारून पुढे झाली.

“आई, घरी जा,” मुलगा पुटपुटला.

“जाते हं,” म्हणत ती पंचांकडे वळली. “अमावस्येला हा इथं नव्हताच. माझ्या मांडीला मांडी लावून जेवत होता. खोटं बोलतंय माझं लेकरू.”