नवं दावं

"दूधही हवं, औतही ओढायला हवं, वर आजारीही पडायला नको! अक्का, गाय हवी की सून?" गुरांच्या बाजारात व्यापारी माझ्या कानाशी कुरकुरला. सून मीच होते, आणि सासरे शेजारीच उभे होते. आनेकलच्या आमच्या दीड एकरात दोन जर्सी गायी दगावल्या होत्या. ही तिसरी टिकली नाही तर शेत सोडावंच लागणार होतं. शेवटी मी काटक देवणी जातीची गाय निवडली. रिवाजाप्रमाणे व्यापाऱ्याने आपलं दावं सोडून घेतलं. नवं दावं गाय सांभाळणाऱ्यानेच बांधायचं. सासरे ते मुठीत आवळून रस्त्याकडे बघत राहिले. "स्वल्प थांबा. निरोप धाडलाय. वासुदेव येऊन बांधेल." वासुदेव म्हणजे माझा नवरा, तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. मोकळी गाय गर्दीकडे वळली. मी त्यांच्या मुठीतून दावं सोडवलं, तिच्या गळ्यात बांधलं. "मामंजी, ते आता येणार नाहीत."