बिज्याची कडी

तुलारामनं जाळ्याचा पदर लाकडी कड्यावरून हळूच ओढला. एकही धागा अडकला नाही. दुसऱ्या कड्यावरून ओढला. तोही सुळकन निघून आला.

"झालं," तो म्हणाला आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या लेकीकडे, रंजूकडे, त्यानं मोठ्या ऐटीत पाहिलं.

सानगडीच्या तलावावर मासे धरणाऱ्या या घरात लाकडाची परीक्षा एकच. डोंग्याचा काठ असो की वल्ह्याची दांडी, तिच्यात जाळ्याचं सूत अडकता कामा नये. आठ दिवस तुलाराम या दोन कड्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. बिज्याच्या लाकडाच्या जुन्या फळीतून ती कापली, कानशीनं गोल केली, पॉलिश पेपरनं घासली, फुटक्या काचेनं खरवडली. वरून तीन वेळा जवसाचं तेल पाजलं. मोबाइलवर लटकायची प्लास्टिकची कडी मिळतात असं रंजू म्हणाली होती, तेव्हा त्याला राग आला होता. घरात लाकूड आहे, हात आहेत, मग प्लास्टिक कशाला?

सोमवारी रंजूला नागपूरला जायचं होतं. तिथली एक व्यायामशाळा सहा मुली निवडून वसतिगृहात ठेवून घेणार होती. पहिलीच परीक्षा म्हणजे अशा कड्यांना लटकून साठ आकडे मोजेपर्यंत टिकायचं. त्याआधी पाय जमिनीला लागले, की परतीची एसटी. घरामागच्या फांदीला लटकून रंजू पंचेचाळीसपर्यंत पोचली होती.

कडी जाळ्याच्याच दोरीनं कडुनिंबाला टांगली. रंजूनं उडी मारून ती धरली. पलीकडे रंजूची आई बायाबाई विळीवर मासे कापत बसली होती. तिनं तिथूनच मोजायला घेतलं.

अकराला रंजू खाली आली.

"हात ओला होता," ती म्हणाली. ओढणीला हात पुसून पुन्हा लटकली. या वेळी नऊ.

मासे निसटू नयेत म्हणून बायाबाई जवळ चुलीची राख घेऊन बसे. तिनं राखेचं टोपलं पुढे सरकवलं. राख लावून रंजू चौदापर्यंत गेली. खाली आली, तेव्हा तेलात राख कालवली जाऊन तिच्या तळव्यांवर काळा चिखल झाला होता.

"कडी मस्त हायेत, बाबा," ती म्हणाली. "माह्या बोटातच दम नाही."

पोर आपल्यासाठी खोटं बोलते आहे, हे तुलारामला कळलं. तिनं कड्यांना नावं ठेवली असती, तर त्याला भांडता तरी आलं असतं.

"दम कायले नाही?" बायाबाई म्हणाली. "काल फांदीले पंचेचाळीस लटकली ना!" तिनं टोपलीतून एक बुळबुळीत मांगूर मासा काढला. तो तिच्या मुठीतून सटकून राखेत पडला. "हे पाहा. रोहू हातात राहते, त्याच्या अंगावर खवले असते. मांगूर कितीही दाबा, राहत नाही. तुमी पोरीले दोन मांगूर बनवून देले."

रंजूला हसू फुटलं. बापाचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं.

तुलारामनं कड्यावरून अंगठा फिरवला. इतकं सुरेख काम आजवर त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि तेच नेमकं चुकलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं कडी खाली उतरवली आणि सगळ्यात जाड दात्यांची कानस घेतली.

पहिला हात मारताना त्याच्या अगदी जिवावर आलं. रंजूनं मूठ आवळून दाखवली तेवढी जागा तो घासत गेला. चकाकी गेली. खालचं कोरडं लाकूड वर आलं. दोन्ही कडी झाल्यावर त्यानं सवयीनं जाळं ओढून पाहिलं. जाळं अडकलं. त्यानं हिसका दिला, तर जाळ्याचं एक घर तुटलं.

"फाडलं ना जाळं!" बायाबाई ओरडली.

"फाटू दे," तुलाराम म्हणाला. "आता धरून राहिलं हे."

रंजू लटकली. बायाबाई मोजू लागली. वीस गेले, तीस गेले. चाळिसानंतर बायाबाईचे आकडे भराभर पडू लागले.

"आई, हळू मोज," रंजू दात आवळून म्हणाली.

बायाबाईनं जीभ चावली आणि हळू झाली. सत्तावन्नला रंजूची बोटं उघडली.

"साठच समज," बायाबाई म्हणाली. "बाजारात गिऱ्हाइकाले एक मासोळी वर टाकतोच ना मी? हे तीन माह्याकडून वरचे."

"तिथं वरचं कोनी देत नाही, आई."

तुलारामनं पुन्हा कानस उचलली. "आनखी घासून देऊ का?"

रंजूनं कडं हातात धरून पाहिलं. तुटलेल्या जाळ्याचं एक सूत खरखरीत जागेत अजून अडकून होतं. तिनं ते तसंच राहू दिलं.

"नाही, बाबा. कडी झाली. आता उरलेले तीन माह्याकडं लागले."

थोडा वेळ ती ओट्यावर दम घेत बसली. मग राखेत हात घोळवून पुन्हा कडुनिंबाखाली गेली. बायाबाई मोजायला तोंड उघडणार, तोच तुलारामनं हात वर करून तिला थांबवलं.

रंजूचे पाय जमिनीवरून सुटले.

"एक," तुलाराम म्हणाला. पुरता थांबला. "दोन."