एक तरी जखम

“एक तरी जखम दाखवा, सिस्टर,” डॉक्टर रेणुकादास म्हणाले. “एकच चिघळलेली जखम. थिएटर आजच्या आज बंद करतो.”

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नांदेडच्या त्या खाजगी दवाखान्यात ती ऑपरेशन थिएटरची मुख्य नर्स होती, आणि महिनाभर एकच गोष्ट सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता. ऑपरेशनची हत्यारं वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र नीट तापत नव्हतं. आत ठेवलेली कागदी पट्टी काळी व्हायला हवी, ती अधूनमधून राखाडीच राहत होती. डॉक्टर म्हणत, पट्ट्या जुन्या असतील. मेकॅनिक म्हणे, यंत्र ठणठणीत आहे. आणि कहर म्हणजे कॉरिडॉरमधला तो फळा. ऑपरेशननंतर जखम चिघळलेले रुग्ण, या महिन्यात शून्य. मागच्या महिन्यातही शून्यच होतं.

शून्य म्हणे! एवढ्या बायाबापड्या टेबलावर येऊन जातात आणि एकीच्याही टाक्याला पू होत नाही? हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. कुणीतरी दाबून ठेवत होतं. एक तर स्वतः रेणुकादास, नाहीतर फोनवर बसणारी अंजू. घरी गेलेल्या प्रत्येक रुग्णाला फोन करून टाक्यांची चौकशी करायची, हे अंजूचं काम. साहेबांच्या मनासारखा आकडा द्यायला तिचं काय जात होतं?

तनुजाचा जीव टांगणीला लागला होता तो घरच्या कारणानं. तिची धाकटी बहीण आरती लातूरच्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला मुदखेडला, माहेरी आली होती. बाळ आडवं होतं. सोमवारी याच थिएटरात तिचं सिझर ठरलं होतं. दुसरीकडे नेऊ म्हटलं तर आई ऐकायला तयार नव्हती. घरची लेक जिथं नर्स आहे तो दवाखाना सोडून परक्याच्या दारात कशाला जायचं, असं तिचं म्हणणं.

शेवटी तनुजानं तोंडावरच विचारलं, फोन मी केले तर चालतील का? डॉक्टर टाळाटाळ करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फोन उचलून तिच्यापुढे सरकवला.

“तुम्हीच करा,” ते म्हणाले. “खरं काय ते मलाही कळू दे.”

ती फोनला चिकटून बसली. हदगावच्या सटवाजीचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. त्याच्या मुलानं सांगितलं, बाबा ब्येस हायत. मुखेडच्या सिद्धम्माच्या सुनेनं प्रश्न पुरता ऐकून न घेताच सांगितलं, समदं बरं हाय. तनुजा सोडणारी नव्हती. लाली आहे का, पाणी येतं का, ताप आहे का, भिऊ नका, खरं सांगा, असं तिनं खोदखोदून विचारलं. न्हाई, काईच न्हाई. एका म्हातारीनं तर उलट तिलाच जेवायला बोलावलं.

संध्याकाळपर्यंत तिची जीभ थकली, पण वाकडा शब्द कुणाच्याही तोंडून आला नाही. आता तिला स्वतःचाच राग आला. त्या बिचाऱ्या अंजूवर आपण आळ घेतला, सगळ्या दवाखान्यात आदळआपट केली, ती कशाच्या जोरावर? तिनं जाऊन डॉक्टरांची माफी मागितली. त्यांनी शेखी मिरवली नाही. नव्या पट्ट्या मागवल्यात, एवढंच म्हणाले.

सोमवारी आरतीला मुलगी झाली. काही दिवसांनी तिला मुदखेडला घरी पाठवलं. त्यानंतर तनुजाच्या ड्युट्या एकापाठोपाठ एक लागल्या, आणि सुट्टी मिळाली तशी ती थेट घरी गेली.

आरती खाटेवर फणफणली होती. दुधाचा ताप हाय, उतरंल, असं आई म्हणाली. तनुजानं पोटावरची पट्टी उचलली आणि नुसत्या वासानंच तिला कळलं. टाके उसवले होते, पू वाहत होता. हवी होती ना एक जखम? आता ही घ्या म्हणावं, माझ्या सख्ख्या बहिणीची. तिनं ऑटो बोलावला. आजच्या आज आरतीला रेणुकादासांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, आणि तो फळा त्यांच्या हातानं पुसून घ्यायचा. ती जखम धुवायला बसली. पुवानं भरलेले बोळे टाकायला आई शेजारी घमेलं धरून उभी राहिली.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. दवाखान्यातून अंजू बोलत होती, नेहमीच्या चौकशीसाठी. बाळंतीण कशी आहे, टाके कसे आहेत, तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तनुजाचे दोन्ही हात अडकले होते. तिनं मान हलवून आईला खुणावलं, सांग, तूच सांग त्यांना.

आईनं घमेलं दुसऱ्या हातात घेतलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि अदबीनं म्हणाली, “लई ब्येस हाय बघा बाई. टाके पार सुकले, ताप न्हाई का काई न्हाई. डॉक्टरसायबाच्या हाताला लई गुण हाय म्हणावं.”