फिरती सनई

सनई पुन्हा पलीकडे गेली आणि अर्जुनरावांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला.

अर्जुनराव म्हणजे नवऱ्या मुलाचे मामा. मामांनी फेटा उतरवला की पुढची पायरी चपला शोधण्याची, हे त्यांच्या अख्ख्या भावकीला ठाऊक होतं. चाकणच्या त्या कार्यालयात मुलाकडच्यांच्या गप्पा एकदम थांबल्या. साखरेचा पुडा अजून ताटातच होता. नवरी मुलगी निशिगंधा आतल्या खोलीत बोलावण्याची वाट बघत बसली होती.

तिचा भाऊ गणराज धावत आला. "काय झालं मामा?"

"काय न्हाई. कार्यालय तुमचं, सनई तुमची. आमी आपलं बसलोय." अर्जुनराव छताकडे बघत म्हणाले. "पर तुमच्याकडं कशी ठणठणीत वाजती. आमच्याकडं आली की जीव गेल्यावानी बारीक. ह्यो काय प्रकार म्हनायचा?"

मामा खोटं बोलत नव्हते. तो कंपनीतली शिफ्ट सांभाळून सुट्टीच्या दिवशी साउंडची कामं करायचा, आणि आज गुरुवारची सुट्टी, शिवाय घरचंच कार्य. बहिणीच्या साखरपुड्याला काहीतरी झकास करून दाखवायचं म्हणून त्याने खास स्टिरिओ फ्लँजर आणला होता. विटेएवढी पेटी, वर चार बटणं. त्यातून काढलेला आवाज एका स्पीकरमध्ये फुगतो तेव्हा दुसऱ्यात बारीक होतो, मग उलटं. ऐकणाऱ्याला वाटतं, डोक्यावरून विमान चाललंय. पिंपळे गुरवच्या घरी हेडफोन लावून ऐकताना त्याच्या अंगावर काटा आला होता. पण तिथे दोन्ही कान त्याचेच होते. इथे एक स्पीकर मुलाकडच्यांच्या बाजूला होता आणि दुसरा मुलीकडच्यांच्या. साखरपुड्याला माणसं अशी दोन बाजूंना बसतात, हे पेटी बनवणाऱ्या कंपनीला कुणी कळवलं नव्हतं.

एव्हाना मुलाकडच्या दोन आत्याबाई खुर्च्या उचलून पलीकडे जाऊन बसल्या होत्या. त्या टेकतात तोच सनई अलीकडे आली. त्या खुर्च्या घेऊन परत निघाल्या.

गणराजने टेबलापाशी जाऊन पेटी बंद केली. आता सनई दोन्हीकडे सारखी, सरळ, शाळेच्या गॅदरिंगसारखी वाजू लागली. त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात अर्जुनराव उठून उभे राहिले.

"झालं! जरा बोललो, तर लगेच मजाच काढून घेतली व्हय? चला रे, आवरा."

नवरा मुलगा ज्ञानेश नव्या बुटांकडे बघत राहिला. एकदा उठलेल्या मामांना आजवर घरात कुणी खाली बसवू शकलेलं नव्हतं. गणराजची आई मंजुळाबाई टेबलापाशी आली. "गनू, घाल ते मशीन हिरीत," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं जमल्यालं मोडायलंय रे." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. गणराजला स्वतःची लाज वाटली. निशिगंधाला ज्ञानेश मनापासून आवडला होता, आणि भावाच्या हौसेपायी तिचं हसं व्हायची वेळ आली होती.

त्याने पेटी पुन्हा चालू केली. वेगाचं बटण अगदी मंद केलं. मग पायाने दाबायचा एक स्विच आणि त्याची लांबलचक वायर घेऊन तो मामांसमोर उकिडवा बसला.

"मामा, चुकलं माझं. हे चालवायचा मान तुमचा, आणि मी तुम्हाला विचारलंच नाही. हे पायानं दाबलं की सनई आपल्याकडे येते. फक्त जरा वेळ लागतो."

अर्जुनरावांनी स्विचकडे बघितलं. मग मागे बघितलं, सगळी भावकी बघत होती. ते सावकाश खाली बसले, उजव्या पायाचा अंगठा स्विचवर ठेवला आणि दाबला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सनई हळूहळू अलीकडे सरकली, फुगली आणि मुलाकडच्या सगळ्यांच्या डोक्यावरून घुमत गेली. आत्याबाई खुर्च्या हातात घेऊन जागच्या जागी थबकल्या. मामांनी फेटा परत डोक्यावर ठेवला.

पुढे नारळ यायला उशीर झाला. मामांच्या एका चुलतभावाला मानाची टोपी मिळालीच नाही. एरवी यातल्या एकेका गोष्टीवर मामांनी तासभर काढला असता. आज त्यांना पाय हलवायला फुरसत नव्हती. सनई पलीकडे गेली की ते म्हणायचे, "ऐकू द्या की त्यांनाबी जरा," आणि पुन्हा दाबायचे. निशिगंधाच्या ओटीत पुडा पडला, अंगठ्या झाल्या, मंजुळाबाईने डोळे पुसले. ज्ञानेशने तेवढ्यात चक्क मान वर केली.

जेवणं उरकली. गणराज वायरी गुंडाळत होता. अर्जुनराव पान चघळत आले. त्यांच्या हातात तो स्विच होता, वायरीचं नीट वेटोळं केलेलं.

"पोरा, हे त्या पेटीला जोडलंच न्हवतंस."

गणराजने हातातल्या वायरी खाली ठेवल्या. "मामा, ते म्हणजे..."

"टोक माझ्या खुर्चीखालीच पडलं हुतं. पहिल्यांदा दाबलं तवाच दिसलं मला."

त्यांनी वायर गणराजच्या हातात दिली, आपलं कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि त्याच्या कानाशी वाकले.

"लग्नातबी न्हाईच जोडायचं. तवा माझं थोरलं भाऊ येनार हायती, रुसन्यात माझ्या वरताण."