शंभरातल्या एकासाठी

“लिनक्सच्या कॉम्प्युटरवर गेम खेळतंय कोण? शंभरात एक! त्या एकासाठी तुला पोसू का मी?” गेम कंपनीच्या साहेबांनी लिनक्ससाठी गेम बनवणाऱ्या तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. “लिनक्सचं काम आजच्या आज बंद!”

तिने मान डोलावली. बंद मात्र काहीच केलं नाही. महिनोन्‌महिने डोळे फोडून उभा केलेला गेम साहेबांच्या एका शब्दावर गाडून टाकायला ती काही दूधखुळी नव्हती.

पुढच्याच आठवड्यात बडे खरेदीदार गेम पाहायला आले. साहेबांनी ऐटीत नव्याकोऱ्या मशीनचं बटण दाबलं आणि मशीन नेमकं तेव्हाच अपडेटला बसलं. मोठ्या पडद्यावर नुसतं गोल चक्र गरगरत राहिलं. साहेबांचं तोंड एवढंसं झालं.

कुणाला न विचारता तिने पडद्याची वायर उपटली आणि आपल्या लॅपटॉपला खोचली. गेम झोकात सुरू झाला. पाहुण्यांतले एक गृहस्थ तर कोटबीट काढून खेळायलाच बसले. “वा! कुठे अडकत नाही की काही नाही!”

साहेबांची छाती पुन्हा फुगली. “अडकेल कसा? आम्ही नसत्या भानगडींत वेळच घालवत नाही!”

लॅपटॉपच्या बटणावर बोट ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “साहेब, लिनक्सवरचा गेम बंद कर म्हणाला होतात. राहूनच गेलं. आत्ता करू?”